स्ट्रोकनंतर स्टेम सेलसाठी कुळागर गहाण ठेवावं का?

तुम्ही लिहिलंय त्याचा गोषवारा आधी देतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे बाबा ६१ वर्षांचे, राहणार गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. चार महिन्यांपूर्वी सकाळी उठले तेव्हा उजवा हात-पाय हलेना आणि शब्द फुटेना. अंगावरून वारं गेलं म्हणून घरच्यांनी तेल चोळलं, दुपारनंतर १०८ बोलावून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात नेलं. मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती, म्हणजे स्ट्रोक. आता ते काठीच्या आधाराने अंगणापर्यंत चालतात. उजवा हात फारसा चालत नाही, बोलणं दोन-चार शब्दांपुरतं. मुंबईतल्या एका केंद्राने स्टेम सेलच्या (इतर पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशींच्या) तीन इंजेक्शनांचं सात लाखांचं पॅकेज सांगितलंय. मामा म्हणतात कुळागराचा (सुपारी-नारळाच्या बागेचा) वाटा गहाण ठेवू. आई काहीच बोलत नाहीत. आणि तुम्ही मला विचारताय, "तुम्ही स्वतः स्टेम सेलवर काम केलंत, मग पेशंटला का देत नाही? आम्ही घ्यावं की नाही?"

माझं उत्तर : आज, या अवस्थेत, पैसे मोजून घेऊ नका. जमीन गहाण ठेवून तर मुळीच नको. पण एवढं सांगून मी थांबलो तर मामांना काय सांगणार हा प्रश्न तुमच्याकडे तसाच राहील, म्हणून सविस्तर लिहितोय. स्टेम सेल चांगले की वाईट, यावर तुमचं काही अडलेलं नाही. तुमच्या हातात ठरावीक पैसा आहे, घरात ठरावीक माणसं आहेत, आणि पहिल्या वर्षातले उरलेले महिने आहेत. ते कशावर खर्च केले तर बाबा जास्तीत जास्त सावरतील, हे ठरवायचंय.

त्याआधी तेलाचं बोलू, कारण तुमच्या पत्रात ते पुन्हा पुन्हा आलंय. झोपेतून उठताना लक्षात येणारे स्ट्रोक पाचातला साधारण एक असतो. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि तो वेळ माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणजे बाबांच्या बाबतीत आदल्या रात्री ते झोपायला गेले तेव्हापासून. खास स्कॅन करून काही पेशंटना त्यानंतरही उपचार देता येतात, त्यामुळे लवकर नेल्याने काही फरक पडला नसता असं मी म्हणणार नाही. पण पडलाच असता, असंही कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पुढे कधी घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ जड झाली, तर पहिला फोन १०८ला. तेल नाही, तोंडात पाणी नाही, बीपीची गोळी जिभेखाली ठेवणं नाही, आणि स्कॅन होईपर्यंत ॲस्पिरिनही नाही, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून कळत नाही. सात लाखांच्या निर्णयात मात्र त्या सकाळची टोचणी आणू नका. "तेव्हा चुकलं, आता तरी काही कमी पडू द्यायचं नाही" या भावनेपोटी घरं कर्जात गेलेली मी पाहिली आहेत.

आता तुमचा थेट प्रश्न, की मी स्वतः संशोधन करूनही पेशंटला का देत नाही.

मी या क्षेत्रात आलो तेव्हा स्ट्रोक म्हणजे सिटी स्कॅन, ॲस्पिरिन आणि नातेवाइकांना "बघू या, वेळ लागेल" एवढंच होतं. गुठळी विरघळवण्याचं औषध तीन तासांत दिलं तर अपंगत्व कमी होतं हे १९९५ साली सिद्ध झालं, ती मुदत साडेचार तासांपर्यंत नेता येते हे २००८ साली. पण वेळेत पोचणारे पेशंट थोडे. वॉर्डात जे असायचे ते उशिरा आलेलेच. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या घालता आल्या तर, या विचाराने मला प्रयोगशाळेकडे ओढलं. काही वर्षं मी पांढऱ्या उंदरांवर काम केलं. उंदराच्या मानेतल्या धमनीतून नायलॉनचा बारीक धागा सरकवून मेंदूची मधली धमनी थोडा वेळ बंद करायची, मग त्याला अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून द्यायच्या. तपासायची एक साधी चाचणी असते. उंदराला काचेच्या नळकांड्यात सोडलं की तो मागच्या पायांवर उभा राहतो आणि पुढचे दोन्ही पंजे काचेला टेकवतो. स्ट्रोक झालेला उंदीर एकच पंजा टेकवतो, दुसरा छातीशी लोंबत राहतो. पेशी दिलेल्यांपैकी बऱ्याच उंदरांचा दुसरा पंजा काही आठवड्यांनी काचेला लागायचा. तो पंजा काचेवर उमटलेला पाहणं हा माझ्या कामातल्या मोठ्या आनंदांपैकी एक आहे, हे मी आजही सांगतो.

पण त्याच उंदरांचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की वेगळंच चित्र दिसायचं. शिरेतून दिलेल्या पेशींचा मोठा वाटा फुप्फुसातच अडकलेला, मेंदूत पोचलेल्या अगदी थोड्या, आणि त्यांतल्याही बहुतेक काही दिवसांत नाहीशा झालेल्या. म्हणजे नव्या पेशी जुन्यांची जागा घेतात ही आपल्या मनातली कल्पना तिथे घडतच नव्हती. उंदीर सुधारत होता तो बहुधा त्या पेशींनी सोडलेल्या रसायनांमुळे, सूज आणि दाह कमी झाल्यामुळे, वाचू शकणारा भाग वाचल्यामुळे. शिवाय तो उंदीर तरुण होता. त्याला ना मधुमेह, ना वीस वर्षांचा बीपी, ना तंबाखू. आणि पेशी मिळाल्या त्या स्ट्रोकनंतर दिवसाभरात.

तुमच्या बाबांच्या मेंदूत आज काय आहे ते बघा. मोठी वाहिनी बंद पडली की उपचारांविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. चार महिन्यांनी त्या जागी दाह शमवून वाचवता येईल असं फारसं काही उरलेलं नसतं. मेलेला भाग शरीर साफ करून टाकतं आणि तिथे पाण्याने भरलेली पोकळी राहते. नवा एमआरआय काढलात तर ती तुम्हालाही दिसेल. पहिल्या दिवसासाठी तपासलेला उपचार त्या पोकळीसाठी विकला जात असेल तर तो कोणत्या आधारावर, हे विचारायला हवं.

माणसांवर काय झालं? आपल्याच देशातली चाचणी सगळ्यात आधी सांगतो, कारण ती फार नेटकी झाली आणि तिची हवी तेवढी चर्चा होत नाही. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने पाच केंद्रांत १२० पेशंट घेतले. निम्म्यांना त्यांच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या अस्थिमज्जेच्या पेशी शिरेतून दिल्या, सरासरी सुमारे २८ कोटी पेशी, स्ट्रोकनंतर एक ते चार आठवड्यांत. उरलेल्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पेशी सुरक्षित ठरल्या, पण उपयोग झाला नाही. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. जपानात २०६ पेशंटना स्ट्रोकनंतर पहिल्या दीड दिवसाच्या आत दुसऱ्या प्रकारच्या तयार पेशी किंवा नुसतं द्रावण देऊन पाहिलं. त्याचा निकाल २०२४ साली आला, तोही तसाच.

हे झाले नुकत्याच आलेल्या स्ट्रोकवरचे प्रयोग. बाबांसारख्या जुन्या स्ट्रोकवरही काम झालंय. अमेरिकेत १८ पेशंटच्या कवटीला छिद्र पाडून थेट मेंदूत पेशी सोडल्या. त्यांतले काही लक्षणीय सुधारले आणि २०१६ साली जगभर बातम्या झाल्या. त्या बातम्या मामांनी तुम्हाला पाठवल्या असतील, अजून फिरतात. त्यात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. मग दीडशेहून अधिक पेशंट घेऊन, काहींवर नुसतीच दिखाऊ शस्त्रक्रिया करून, नीट पाहिलं तेव्हा आधी ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. हे २०१९ साली जाहीर झालं. ती बातमी कुणी पुढे पाठवत नाही.

म्हणून स्टेम सेलचा विषय संपला असं मी मानत नाही, आणि त्यामागे माझ्या क्षेत्रातलाच एक इतिहास आहे. आज आम्ही मांडीतल्या धमनीतून नळी घालून मेंदूतली गुठळी ओढून काढतो. २०१३ साली या उपचाराच्या तीन मोठ्या चाचण्या एकदम अयशस्वी ठरल्या होत्या. हे तंत्र करणाऱ्या डॉक्टरांचा त्यावर पूर्ण विश्वास होता. त्यांनी डोळ्यांनी पेशंट सुधारताना पाहिले होते, तरी आकडे साथ देईनात. मग त्यांनी चुका शोधल्या. गुठळी खरोखर मोठ्या वाहिनीत आहे का हे न बघताच पेशंट घेतले जात होते, वेळ जात होता, उपकरणं जुनी होती. हे सुधारून केलेल्या पाच चाचण्यांचे निकाल २०१५ पर्यंत आले आणि पाचही यशस्वी झाल्या. इतका चांगला उपचार स्ट्रोकमध्ये क्वचितच मिळालाय. त्या पाचांचा एकत्र हिशोब केला तर दर दोन-तीन पेशंटमागे एकाचं अपंगत्व निदान एका पायरीने कमी होतं. २०१८ मध्ये निवडक पेशंटसाठी त्याची मुदत २४ तासांपर्यंत गेली. स्टेम सेलची अवस्था मला २०१३ सारखी वाटते. पेशी कोणत्या, किती, कधी, कुठून द्यायच्या आणि कुणाला, याची उत्तरं अजून सापडायची आहेत. ती सापडावीत म्हणूनच मी त्यात काम केलं. पण २०१३ साली कुणी "जमीन विकून करून घ्या" म्हणाला असता तर ते चूकच होतं. पुढे दोन वर्षांनी तो उपचार सिद्ध झाला म्हणून आधीचा सल्ला बरोबर ठरत नाही.

तुम्ही म्हणाल, त्या केंद्राने बरे झालेल्या पेशंटचे व्हिडिओ दाखवले. ते खोटे असतील असं मी म्हणत नाही. तुम्ही पाठवलेलं पॅकेजचं पत्रक नीट वाचा. इंजेक्शनं तीन, पण त्यांच्या आजूबाजूला काय लिहिलंय? "रोज दोन वेळा फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, आहारतज्ज्ञ, मुक्काम १५ दिवस." घरी आठवड्यातून दोनदा अर्धा तास व्यायाम होणाऱ्या माणसाला पंधरा दिवस रोज तासन्‌तास सराव दिला, चांगलं खायला दिलं, घरच्यांनी पूर्ण वेळ सोबत केली, तर तो सुधारणारच. त्यातून स्ट्रोक चार महिन्यांचा, म्हणजे शरीराची आपली सुधारणाही अजून चालू. या सगळ्याचं श्रेय इंजेक्शनाला मिळतं आणि पैसेही त्याचेच लागतात.

धोका काय, तर बऱ्याचदा काही होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण हाडातून मज्जा काढायची किंवा पाठीच्या कण्यात सुई घालायची म्हणून रक्त पातळ करणारी गोळी काही दिवस बंद करायला सांगतात, आणि बाबांसाठी तीच गोळी दुसऱ्या स्ट्रोकपासूनचं संरक्षण आहे. जंतुसंसर्ग होऊ शकतो. आणि पेशी पेशंटच्या स्वतःच्या नसतील तर त्या नेमक्या कुठून आल्या हे विचारायलाच हवं. २०१६ साली वैद्यकीय नियतकालिकात एका ६६ वर्षांच्या माणसाची हकिकत छापून आली. स्ट्रोकनंतर राहिलेल्या दुबळेपणासाठी तो चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिकोत जाऊन मणक्यात पेशींची इंजेक्शनं घेऊन आला होता. त्याच्या पाठीच्या कण्यात गाठ वाढली, पाय लुळे पडले. तपासल्यावर त्या गाठीतल्या पेशी दुसऱ्याच कुणाच्या निघाल्या. असं क्वचितच घडतं. पण ज्याचा फायदा सिद्ध नाही त्यासाठी क्वचितचा धोका तरी का घ्यायचा?

नियमही तुमच्या बाजूने आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर हा प्रयोग आहे आणि तो मान्यता घेतलेल्या चाचणीतच करायचा. त्या चाचणीची नोंद देशाच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत असते. ती कुणालाही इंटरनेटवर बघता येते. चाचणीत प्रयोगाच्या उपचाराचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात, आणि प्रयोगामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांवर असते. म्हणून केंद्राला एकच ई-मेल करा : "ही चाचणी आहे का? असल्यास रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीच्या मान्यतेची प्रत पाठवा." चाचणी असेल तर सात लाख कसले? आणि चाचणी नसेल तर ते देऊ कसे शकतात? मामांना माझं सगळं उत्तर वाचून दाखवायची गरज नाही, या ई-मेलला काय उत्तर येतं ते दाखवा.

इथपर्यंत "काय करू नका" झालं. यापुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

हातापासून सुरू करतो. तुम्ही लिहिलंय की फिजिओथेरपिस्ट येतात, बाबा खाटेवर पडून असतात, ते हात वर-खाली करून देतात, मशीनचे झटके देतात आणि जातात. यातून सांधे मोकळे राहतात, ते आवश्यकच आहे. पण मेंदू शिकतो तो माणूस स्वतः प्रयत्न करतो तेव्हा. म्हणून मला तुमच्याकडून एक गोष्ट कळायला हवी. टेबलाच्या कडेवरून पंजा खाली सोडला तर बाबांना मनगट थोडं तरी वर उचलता येतं का, आणि मुठीतून बोटं किंचित तरी उघडता येतात का? येत असतील तर आशेला चांगली जागा आहे. चांगल्या हातावर मिटन (बोटं एकत्र झाकणारा जाड हातमोजा) घालून तो दिवसातला बराच वेळ अडकवून ठेवायचा आणि सगळी कामं दुबळ्या हाताने करायला लावायची, अशी एक पद्धत आहे. स्ट्रोकला तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ पेशंटवर ती दोन आठवडे वापरून पाहिली. २००६ साली निकाल आला तेव्हा वर्षभरानंतरही फायदा टिकलेला होता. बाबा नेमके त्या मुदतीत आहेत. एरवी काठी चांगल्या हातातच असते, म्हणून हे चालताना नाही, बसून करायचं.

काम कोणतं द्यायचं हे थेरपिस्टशी बोलून ठरवा, पण तुमच्या घरात ते शोधायला जावं लागणार नाही. बाबांनी आयुष्यभर सुपारी काढली, वाळवली, निवडली. टोपलीभर सुक्या सुपाऱ्या समोर ठेवा आणि उजव्या हाताने एकेक उचलून दुसऱ्या टोपलीत टाकायला सांगा. सुरुवातीला सुपारी निसटेल, खांदा वर जाईल, चिडतील. मग सुपारीऐवजी नारळाच्या करवंट्या द्या, त्या पकडायला सोप्या. हालचाल जमायला लागली की पुन्हा सुपारी. रंगीत प्लास्टिकच्या रिंगा उचलताना कंटाळणारे बागायतदार सुपारी निवडायला बसले की तासभर हलत नाहीत. या सरावात आकडा महत्त्वाचा आहे. दहा वेळा करून काही होत नाही, शेकड्यांनी करावं लागतं. बोटं अजिबात उघडत नसतील तर हे नको, त्रागाच होईल. तेव्हा डाव्या हाताने कामं कशी करायची ते शिकणं, आणि उजवा हात आखडू न देणं, यावर भर द्या. हात फार घट्ट होत असेल तर बोट्युलिनमचं इंजेक्शन देता येतं. त्याने ताकद येत नाही, पण मूठ सैल होते, नखं कापता येतात, बाही घालता येते.

खांद्याची काळजी घ्या. बाबांना उठवताना उजव्या हाताला धरून कुणीही ओढू नये. बसताना तो हात उशीवर. लुळा खांदा ओढला की सांधा खाली उतरतो, आणि एकदा दुखायला लागला की व्यायामच थांबतो.

बोलण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की गणपतीची आरती बाबा जवळजवळ पूर्ण म्हणतात, पण तुमचं नाव विचारलं की गप्प. काही नातेवाइकांना हे सोंग वाटतं. सोंग नाही. पाठ असलेलं, चालीवर म्हटलेलं बोलणं मेंदू वेगळ्या वाटेने काढतो. स्वतः विचार करून शब्द शोधण्याची वाट डाव्या बाजूला आहे आणि तीच मोडलीय. आरती येते हे चांगलं लक्षण आहे आणि स्पीच थेरपिस्ट त्याचा उपयोग करून घेतात : रोजची छोटी वाक्यं, "पाणी दे", "बाहेर जायचंय", एका चालीत बसवून, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरत म्हणून घेतात. भजनी मंडळात जात होते म्हणालात, तर त्यांना तिथे परत न्या. टाळ जमला नाही तरी बसू द्या. वाचा सावरायला हातापेक्षा जास्त वेळ लागतो आणि सहा महिन्यांनंतरही ती सुधारते. जर्मनीत आठवड्याला दहा तास, निदान तीन आठवडे असा सराव दिल्यावर जुन्या वाचाघाताचे पेशंटही रोजच्या व्यवहारात जास्त बोलू लागले, हे २०१७ साली दाखवलं गेलंय. सत्तरीत स्पीच थेरपिस्ट घरी यायला मिळणं कठीण, हे मला माहीत आहे. आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष आणि उरलेले दिवस व्हिडिओ कॉलवर, अशी सोय मी माझ्या पेशंटना करायला सांगतो. सगळं घरच्यांवर टाकू नका. आपल्याच देशात १४ रुग्णालयांत १२५० पेशंटवर झालेल्या अभ्यासात घरच्यांना शिकवून त्यांच्याकडूनच व्यायाम करून घेतला, तर नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा जास्त फायदा झाला नाही. माझ्या मते घरच्यांनी सराव करून घ्यावा, पण काय आणि किती हे दर आठवड्याला बदलणारं जाणतं माणूस मागे हवं. खर्च करायचाच तर त्या माणसावर करा. तुमच्या भागातले दर लावून हिशोब करा, सात लाखांच्या छोट्या हिश्शात वर्षभराची सोय बसेल.

आणखी एक. बाबा संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, जेवण कमी झालंय, भाचीच्या साखरपुड्याला यायला तयार नव्हते. स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं, आणि बोलता न येणाऱ्या माणसात ते ओळखू येत नाही. त्यावर गोळ्या आहेत, त्या लागू पडतात. उदास माणूस व्यायाम करत नाही, म्हणून हे आधी बघा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तुम्हीच सांगा, ते विचारतील याची वाट बघू नका.

सगळ्यात कमी बोललं जातं ते दुसऱ्या स्ट्रोकबद्दल. तुमच्या पत्रात बीपीचा आकडा कुठेच नाही. स्टेम सेलच्या तीन इंजेक्शनांपेक्षा बीपीची रोजची गोळी बाबांसाठी जास्त काम करणार आहे. स्ट्रोक होऊन गेलेल्या हजारो पेशंटवरच्या २००१ सालच्या अभ्यासात बीपी उतरवल्याने पुन्हा स्ट्रोक येण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. घरी मशीन घ्या, सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. १३०/८० च्या खाली राहायला हवं. गोळ्या घेऊनही उतरत नसेल तर ताटाकडे बघा : आपल्याकडे पेजेबरोबर सुकं खारं, मिस्कूट (कैरीचं लोणचं), पापड हे रोजचं आहे, पावसाळ्यात तर मासळी बंद म्हणून खारंच जास्त. दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून सपाट चमचाभर. खारा बांगडा कायमचा सोडा असं मी कुणाला सांगत नाही, कारण कुणी ऐकत नाही. कधीतरी, तुकडाभर, चालतो. तंबाखू मात्र पूर्ण बंद, त्यात तडजोड नाही.

माझं उत्तर कशाने बदलेल, तेही सांगतो. देशात कुठे नोंदणीकृत, मोफत चाचणी चालू असेल, बाबा तिच्या निकषांत बसत असतील, आणि "कदाचित काहीच फायदा होणार नाही, कदाचित आपल्याला नुसतं पाणीच मिळेल" हे मान्य करून त्यांना स्वतःला भाग घ्यायचा असेल, तर जरूर घ्या. मी स्वतः पत्र लिहून देईन. अशाच पेशंटमुळे पुढच्यांना उत्तर मिळतं. फक्त बाबांना नीट समजावून विचारा. बोलता येत नाही म्हणून कळत नाही असं नाही. हो-नाही ते मानेने सांगू शकतात, आणि कुळागर त्यांचं आहे.

आता एक काम लगेच करा. बाबांची डिस्चार्जची फाईल काढा आणि तीन गोष्टी शोधा : मानेच्या रक्तवाहिन्यांचं डॉपलर किंवा अँजिओग्राफी, हृदयाचा टूडी इको, आणि चोवीस तासांचा किंवा त्याहून मोठा होल्टर (हृदयाच्या ठोक्यांची सलग नोंद). डाव्या बाजूची मानेतली धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असेल तर ती मोकळी करण्याची शस्त्रक्रिया दुसरा स्ट्रोक टाळते, आणि तिचा खरा फायदा लवकर केली तरच; चार महिने आधीच गेलेत. होल्टरमध्ये ठोके अनियमित निघाले तर ॲस्पिरिन पुरत नाही, वेगळी गोळी लागते. यातलं जे झालेलं नसेल ते याच आठवड्यात करून घ्या आणि रिपोर्ट मला इथेच कळवा. नाव-पत्ता झाकून.